चौथी बादली

"हे माझं स्टेशन नव्हे," मगदूम मास्तर म्हणाले आणि तळहातावरची इमारत त्यांनी माझ्यापुढे धरली.

तीन आठवडे रोज संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, मी ती इमारत केली होती. वीतभर लांब, पुठ्ठ्याच्या भिंती, खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा चिरून केलेली कौलं, आगपेटीच्या काड्यांचे खांब. भिंतींना खालून ओल चढलेली, कौलांवर इंजिनाची काजळी, कोपऱ्यातला गिलावा पडून आतली वीट दिसणारी. तिकिटाच्या खिडकीखाली पानाची पिचकारीसुद्धा होती आणि ती मी खऱ्या काताच्या पाण्याने काढली होती. त्या पिचकारीचा मला फार अभिमान होता.

"असं कसं नव्हे?" मी म्हणाले. "मी स्वतः डोणेवाडीला जाऊन मापं घेऊन आलेय. फोटो काढलेत. दाखवू?"

"फोटो आत्ताचा आहे, पोरी. माझ्या वेळी त्या भिंतीला पाठ टेकली तर कोटाला चुना लागायचा. दर दिवाळीला सफेदी. आणि खिडकीखाली कोणी थुंकलं असतं, तर मी त्याच्याकडून तिथल्या तिथं धुऊन घेतलं असतं."

"घेतलं होतं," आतून मास्तरांच्या पत्नी, सुमतीकाकू, म्हणाल्या. "तलाठी होता तो. पुढं वर्षभर आम्हाला उतारा दिला नाही त्यानं."

मास्तर हसले नाहीत. इमारत त्यांनी अलगद माझ्या मांडीवर ठेवली. "एकसष्ट साल. मे महिना. संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. ते स्टेशन कर."

ही गोष्ट त्र्याण्णवची. मी तेवीस वर्षांची होते आणि मिरजेत एका आर्किटेक्टकडे बंगल्यांची, अपार्टमेंटची मॉडेलं करत होते. हात चांगला होता आणि ते मला माहीतही होतं, म्हणजे नाकावर माशी बसू देत नव्हते. डोणेवाडीला बावीस वर्षं स्टेशनमास्तर असलेले मगदूम मास्तर एक दिवस आमच्या साहेबांकडे आले. पूर्वेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ आता रुंद होणार, जुनी स्टेशनं पाडणार, म्हणून त्यांना आपलं स्टेशन घरात करून ठेवायचं होतं. साहेब हसले आणि म्हणाले, "आमच्या वैजयंतीला विचारा. तिला असले उद्योग आवडतात." साहेबांकडच्या परदेशी मासिकांत मी खेळण्यातल्या आगगाड्यांची गावं पाहिली होती. मळवल्याशिवाय मॉडेल खरं वाटत नाही, हे मी त्यातूनच शिकले होते. मास्तरांनी पहिल्याच फटक्यात माझी ती विद्या धुऊन काढली.

मास्तरांच्या व्हरांड्यात दोन जुनी दारं जोडून केलेला लांबलचक फळा होता. त्याच्यावर रूळ त्यांनी स्वतः टाकले होते. एक सरळ लाइन आणि तिला फुटून बाजूला जाणारा एक आंधळा फाटा. डबे उभे करायला असतो तसला, पुढे अडसर असलेला. लाइन कुठली द्यायची ते ठरवणारा सांधा हलवायला सायकलच्या ब्रेकची दांडी बसवली होती. इंजिन पितळेचं होतं, टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर चालायचं. ते त्यांच्या जुन्या दोस्ताने, लोको शेडमधून रिटायर झालेल्या दस्तगीर फिटरने केलं होतं. दस्तगीरचाचा आठवड्यातून दोनदा यायचे, इंजिनाला तेल द्यायचे आणि जाताना मला सांगायचे, "इसका दिमाग फिरेला हाय, पण तू मनावर घेऊ नकोस."

बाकीचं सगळं माझ्याकडे होतं. इमारत, विहीर, झाडं, शेत, माणसं. चाळीस फुटाचा एक फूट, असं माप धरलं होतं. काकूंचा वापरलेला चहा वाळवून मी जमीन केली. दोडक्याच्या जाळीचे तुकडे हिरवे रंगवून तारेच्या कडुनिंबावर लावले. रुळांखालची खडी म्हणजे खडीच्या ढिगातून पिठाच्या चाळणीने गाळलेली बारीक कच होती. चाळण काकूंची होती. त्या मला त्यावरून बरेच दिवस टोमणे मारत होत्या.

तो फळा आज माझ्या वर्कशॉपमध्ये आहे. मास्तर गेले, मागोमाग काकू गेल्या, आणि त्यांच्या मुलाने, शशीने, टेम्पोत घालून तो माझ्याकडे पाठवून दिला. येणारे लोक वाकून वाकून बघतात. स्टेशनच्या पांढऱ्या भिंतीवरचा एक टवका उडालाय, तेवढा दुरुस्त का करत नाही, असं हमखास विचारतात. मी नंतर कधीतरी करीन म्हणते. कित्येक वर्षं हेच म्हणतेय.

तर मी दुसरी इमारत केली. पांढरीशुभ्र, कोऱ्या करकरीत कपड्यातल्या नवरदेवासारखी. मास्तरांनी भिंग लावून पाहिली. "आता बरोबर," म्हणाले. "आता ऑफिसच्या दाराजवळ बादल्या. आगीच्या. लाल."

"किती?"

"खुंट्या चार. बादल्या तीन."

मी वर पाहिलं. "चौथी?"

"तीनच लाव."

बादल्या कशाच्या करायच्या हे त्यांनीच शोधून काढलं होतं. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची रिकामी पट्टी माझ्या हातात दिली. त्या पट्टीचं एकेक फुगीर घर कापून लाल रंगवलं आणि वरून केसासारखी तार वाकवून लावली, की आगीची बादली हुबेहूब.

"ह्या बादल्यांचं बूड गोल असतं. का, सांग?" मास्तरांनी विचारलं.

"का?"

"सपाट असतं तर लोकांनी घरी नेल्या असत्या. गोल बुडाची बादली खाली ठेवता येत नाही. कलंडते. म्हणून कोणी नेत नाही."

"मग चौथी कोणी नेली?"

मास्तर उठले आणि रूळ सरळ आहेत का ते बघायला फळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

मग माणसं. एम-सीलची, बोटाच्या दोन पेरांएवढी. दारात स्वतः मास्तर, काळ्या कोटात. बाकावर डबा घेऊन बसलेली बाई. कडुनिंबाखाली शेळी. आणि सांधेवाला, बिरू मासाळ. लाल पागोटं, खाकी सदरा. बिरूसाठी मास्तरांनी मला तीनदा पागोटं बदलायला लावलं.

"कुठं उभा करू?"

"सांध्यापाशी. तिथंच त्याची जागा."

मी गोंद घेतला. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "चिकटवू नकोस. नुसता ठेव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर बिरू विहिरीपाशी उभा. त्याच्या पुढच्या दिवशी परत सांध्यापाशी. मग दोन दिवस विहिरीवर. दसरा जवळ आला तरी तो एकटा फिरतच होता. बाकीची सगळी माणसं, शेळीसुद्धा, आपापल्या जागी चिकटली होती. माझी जीभ तेव्हा तिखटच होती. मी म्हणाले, "मास्तर, तुमचा हा बिरू ड्यूटीवर आहे की यात्रेला आलाय?"

त्यांचा चेहरा उतरला. ते आत निघून गेले. थोड्या वेळाने काकूंनी मला चहाला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बिरूवरनं त्यांना चिडवू नकोस गं," काकू म्हणाल्या. "त्याची नोकरी गेली डोणेवाडीत."

"कशानं?"

"सांधा बाजूच्या फाट्याला लागलेला राहिला. संध्याकाळची पाच-चाळीसची गाडी सरळ जायची ती फाट्यात शिरली आणि उभ्या डब्यांवर आदळली. मेलं कोणी नाही. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा पाय मोडला. चौकशी झाली. ह्यांनी लिहून दिलं, बिरू सांध्यावरच होता, झोपला होता. बिरू म्हणाला, मी विहिरीवर होतो, मास्तरांनी पाण्याला धाडलेलं. ह्यांचा कागद होता, त्याचं नुसतं तोंड. त्याला काढून टाकला. गेला परत मेंढरांमागं."

"खरं काय होतं, काकू?"

काकूंनी गाळणीतला चहा झटकला. "तेव्हा शशी पोटात होता. मला सातवा. डॉक्टरनं खाटेवरनं उठू नको म्हणून सांगितलेलं. मी ह्यांना विचारलं नाही."

"बत्तीस वर्षांत कधीच नाही?"

"विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं." मग त्या म्हणाल्या, "खंडेनवमीला जुन्या स्टाफला बोलावलंय. ह्या वेळी बिरूलाही निरोप धाडलाय, दस्तगीरभावजींच्या हाती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो येतो का नाही, ह्या विचारानं त्यांना झोप नाही."

चहा पिऊन मी बाहेर आले. मास्तर भिंग लावून बिरूकडे बघत बसले होते आणि बिरू त्यांच्या तळहातावर आडवा पडला होता. मला वाईट वाटत होतं, पण तेविसाव्या वर्षी वाईट वाटलं की माणूस काहीतरी करून मोकळं व्हायला बघतं. मीही तेच केलं.

मी चौथी बादली केली.

त्या रिकाम्या खुंटीचा मला पहिल्या दिवसापासून त्रास होत होता. आमच्या ऑफिसात एक खिडकी कमी पडली तर साहेब मॉडेल परत पाठवायचे. गिऱ्हाईक म्हणेल पोरगी विसरली, म्हणायचे. उद्या रेल्वेची जुनी माणसं बघायला येणार आणि दारातच एक खुंटी मोकळी. मास्तरांच्या डोक्यात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. म्हातारपणी माणूस आकड्यांत चुकतं, असं मी ठरवून टाकलं. त्या गावठी शहाणपणावर खंडेनवमीच्या सकाळी, कोणाचं लक्ष नसताना, मी ती गोळीच्या पट्टीची बादली चौथ्या खुंटीवर घट्ट चिकटवली. आता कसं सगळं जागच्या जागी दिसत होतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. रेल्वेची माणसं त्या दिवशी इंजिनाला हार घालतात, दांड्यांना कुंकू लावतात. व्हरांड्यात पाटावर मास्तरांची जुनी हिरवी-तांबडी झेंडी होती, कंदील होता, दस्तगीरचाचांचे पाने होते, आणि माझा कटर, पट्टी आणि गोंदाचा ब्रश. तो मान माझ्या सामानाला पहिल्यांदा मिळत होता. काकूंनी सगळ्यांवर झेंडूची फुलं वाहिली. "आता उद्यापर्यंत पाटावरच्या हत्यारांना हात लावायचा नाही," त्या मला म्हणाल्या. पुजलेली हत्यारं त्या दिवशी विश्रांती घेतात.

आठदहा म्हातारी माणसं जमली होती. एक गार्ड होते, दोन गँगमन, एक तिकीटबाबू. सगळे फळ्याभोवती वाकून मुलांसारखे बोटं दाखवत होते. "ती बघ विहीर." "त्या कडुनिंबाखाली मी सायकल लावायचो." मास्तरांचं लक्ष फाटकाकडे होतं.

साडेदहाच्या सुमारास तो आला. उंच, वाळलेला, खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल पागोटं. बरोबर नातू होता, तो फाटकाबाहेर मोटारसायकलवरच बसून राहिला. गार्डनी मान वळवली.

"रामराम, मास्तर," बिरूबा म्हणाले.

"ये, बिरू." मास्तरांना उठायला दोनदा प्रयत्न करावा लागला. "बस."

"बसत न्हाई. बघाय बलिवलंसा, बघतो की."

ते फळ्याच्या कडेने हळूहळू चालत गेले. हात पाठीमागे बांधलेले. विहीर बघितली. शेळी बघून थोडे हसले. मग सांध्यापाशी थांबले. तिथे लाल पागोट्यातला तो दोन पेरांचा माणूस उभा होता. मास्तरांनी शेवटी त्याला सांध्यावरच ठेवलं होतं.

"ह्यो मीच न्हवं?"

"हो," मास्तर म्हणाले.

बिरूबांनी मान हलवली. मग त्यांची नजर सरकत स्टेशनच्या इमारतीवर गेली, ऑफिसच्या दारावर, दाराशेजारच्या भिंतीवर. तिथे ती थांबली.

"समदं बराबर केलंया," ते म्हणाले. आवाज साधाच होता. "बादल्या बी चार. चौकशीला सायेब आलं तवा बी चारच हुत्या. सायेब मला म्हणलं, तू म्हणतूस बादली घिऊन इहिरीवर हुतो, आन बादल्या तर समद्या भितीला हायत्या. खोटं बोलतूस." त्यांनी मास्तरांना हात जोडले. "येतो, मास्तर. लांब जायाचंय."

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. चार बादल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोकळी खुंटी विसरून राहिलेली नव्हती. बत्तीस वर्षांत त्यांना तोंडाने म्हणता आलं नव्हतं ते त्यांनी त्या एका खुंटीवर सांगायचं ठरवलं होतं. बिरूला विहिरीवर उभं करायचं धाडस होत नव्हतं, निदान खुंटी तरी मोकळी ठेवू, म्हणून. आणि मी, हात चांगला असलेली, कागदावरचं खोटं टाचणीएवढ्या बारकाईनं पुरं करून दिलं होतं.

"मी लावली ती," मी म्हणाले. "मास्तरांनी तीनच सांगितल्या होत्या. मास्तरांनी पहिल्या दिवसापासून तीनच सांगितल्या होत्या, बिरूबा."

फाटकाकडे वळलेले बिरूबा थांबले.

मास्तर फळ्यावर वाकले. नखाने ती चौथी बादली ओढली. माझा गोंद पक्का होता. बादली निघाली ती भिंतीचा टवका घेऊनच निघाली आणि पांढऱ्या चुन्याखालून पुठ्ठा दिसायला लागला. मग त्यांनी सांध्यावरचा बिरू उचलला, विहिरीवरून स्टेशनकडे येणाऱ्या पायवाटेवर ठेवला, आणि ती लाल बादली त्याच्या हाताला अडकवायला लागले. बादली दोनदा पडली.

"घरातली बादली विहिरीत पडली होती," मास्तर म्हणाले. ते बिरूबांकडे नाही, फळ्याकडे बघून बोलत होते, पण व्हरांड्यातल्या प्रत्येकाला ऐकू जात होतं. "घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी ह्याला म्हणालो, आगीची बादली ने. तो म्हणाला, गाडीची वेळ झालीय, सांधा फाट्याला लागलाय. मी म्हणालो, गाडी येईपर्यंत तू परत येशील. आणि तो यायच्या आधी मी सिग्नल दिला. मीच दिला. संध्याकाळी ती बादली पुसून कोरडी करून मीच परत खुंटीला लावली. साहेब येणार होते म्हणून."

दस्तगीरचाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

बिरूबा फळ्यापाशी परत आले. पायवाटेवरच्या त्या माणसाकडे त्यांनी वाकून बघितलं.

"मला शिट्टी ऐकू आली हुती, मास्तर," ते म्हणाले. "निम्म्या वाटंवर हुतो. बादली टाकून पळालो असतो तर सांधा घावला असता. म्या लई डाव ह्याचा इचार केलाय. पर बूड गोल. खाली ठिवाय येईना. आन वतून टाकाय मन हुईना. वैनी पोटुशी, त्यास्नी पानी न्हाई." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "मला वाटायचं, सिग्नल दिला हे तुमचं चुकलं, पर बादली न्हाई टाकली ते माझं. म्हनून मागं कदी आलो न्हाई भांडाय."

"तुझं काही नाही त्यात," मास्तर म्हणाले. "ते पाणी मी मागितलं होतं."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि बिरूबांसमोर उभ्या राहिल्या. "पाणी पोचलं होतं मला," त्या म्हणाल्या. "बाहेर एवढा आरडाओरडा चाललेला, आणि दारात भरलेली बादली हातात धरून तू उभा होतास. खाली ठेवता येईना म्हणून माझ्या हंड्यात ओतून दिलीस. मला सगळं ठाऊक होतं, बिरू. मीही बोलले नाही."

तेव्हा मला कळलं की त्या घरात बत्तीस वर्षं कोण काय लपवून बसलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

बिरूबांनी काकूंना वाकून नमस्कार केला. मग घोंगडं खांद्यावरून काढून घडी करून कठड्यावर टाकलं, म्हणजे बसायच्या तयारीने. तेवढ्यात फळ्याला कोणाचा तरी धक्का लागला आणि पायवाटेवरचा बिरू कलंडला. त्यांनी तो बोटांनी उचलून परत उभा केला.

"पोरी," ते मला म्हणाले, "ह्येला चिकटीव आता. सारखा पडतुया."

मी ब्रशकडे पाहिलं. तो पाटावर, झेंडूखाली होता. "आज पाटावरच्या हत्यारांना हात लावायचा नाही," मी म्हणाले.

काकूंनी विझलेली एक उदबत्ती उचलली, मोडली आणि काडी माझ्या हातात दिली. तिच्या टोकावर गोंद घेऊन मी त्याच्या दोन्ही पायांना लावला, एक थेंब बादलीच्या तारेला. मग तो वाळेपर्यंत दोन बोटांत धरून वाकून उभी राहिले. माझ्या एका बाजूला मास्तर होते, एका बाजूला बिरूबा. दोघेही श्वास रोखून बघत होते. गोंद वाळायला वेळ लागतो. कोणी घाई केली नाही.

मी बोटं काढली. तो उभा राहिला.

दस्तगीरचाचांनी इंजिनाला हार घातला आणि बटण दाबलं. पितळेचं इंजिन पलीकडच्या टोकाहून गुरगुरत निघालं. मास्तर सांध्याच्या दांडीपाशी जाऊन बसले होते. ते तिथून उठले.

"बिरू," ते म्हणाले, "गाडी येतेय. सांधा बघ."

बिरूबा त्यांच्या जागी बसले. दांडीला कुंकू लावलेलं होतं. त्यांनी ती धरली, आधी फाट्याकडे बघितलं, मग सरळ लाइनीकडे, आणि ओढली. गाडी सांध्यावरून सरळ गेली आणि ऑफिसच्या दारासमोर, तीन बादल्यांच्या भिंतीपाशी, येऊन थांबली.